बारा तास कामाचे, बाकीचे कोणाचे?

प्रति,
माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य



बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर ६८ किलोमीटर. रिक्षा लगेच मिळाली, लोकल वेळेवर आली आणि पहिल्याच गाडीत पाय ठेवायला जागा झाली, तरी घराच्या उंबऱ्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंत दोन तास जातात. परतताना तेवढेच. हे चार तास हजेरीपुस्तकात नसतात आणि विश्रांतीतही नसतात. त्यात नऊ तासांची नोकरी मिळवली की तेरा होतात, दहा तासांची मिळवली की चौदा. उरलेल्या दहा तासांत झोप, स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे आणि नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळायची. हातपाय पसरून गप्प बसायला त्यात पंधरा मिनिटे शोधावी लागतात.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. त्या निर्णयाबद्दल हे पत्र आहे. पण निर्णयापुरतेच नाही. महाराष्ट्रातल्या माणसाच्या दिवसात त्याचा स्वतःचा म्हणून काही भाग असावा की नाही, आणि तो राखण्याची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

निर्णयाच्या बाजूने जे सांगितले गेले, ते आधी नीट मांडायला हवे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम आहे आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागते. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी, सहा तासांनंतर आणखी अर्धा तास. गुंतवणूक यावी, निकडीच्या ऑर्डरच्या वेळी कारखान्याला हात मोकळे असावेत, असा हेतू सांगितला गेला. कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणा, उत्तर प्रदेश आणि त्रिपुरा या राज्यांचे दाखलेही देण्यात आले. यातल्या तमिळनाडूची गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे. तिथल्या विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांची मुभा देणारे विधेयक मंजूर केले, कामगार संघटना आणि मित्रपक्ष दोघेही उठले, आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. दाखला द्यायचाच तर तो शेवटपर्यंत द्यावा.

आता ओव्हरटाइमचा हिशेब. कारखान्यांसाठी तिमाहीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. तिमाहीत आठवडे तेरा. म्हणजे आठवड्याला सरासरी अकरा तास जादा. ४८ मध्ये ते मिळवले की ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो, असे त्यात आढळले. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा दीर्घ तासांशी जोडलेले होते. जुन्या ११५ तासांनीही ५५ ची रेषा ओलांडली जात होतीच. सुधारणा करायची तर ती रेषेच्या आत येण्यासाठी व्हायला हवी होती. झाले उलटे.

आपल्या खात्याला हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. कामगाराची उसंत ही या देशात ज्या शहरात मागितली गेली आणि मिळवली गेली, ते शहर मुंबई आहे.

नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ बंद पडले, तेव्हा १८८० मध्ये ते मुंबईतून पुन्हा चालवायला घेणारे हेच. तेव्हाच्या गिरणीत दिवस सूर्याच्या हवाली होता: उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस आणखी लांब. आठवड्याची सुटी नव्हती. सणावाराला यंत्रे थांबायची तेवढीच. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा अंगावर येतो. रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार असावा.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० सालची ही गोष्ट आहे, आणि तिची नोंद पुरेशी घेतली जात नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी काम करता करता त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्या आत.

त्यानंतर काय झाले, हे आज फार उपयोगाचे आहे. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. सूर्य मावळण्याशी दिवस संपण्याचे जे नाते होते, ते तुटले. तास तेरा, चौदा, काही ठिकाणी त्याहून वर गेले आणि १९०५ मध्ये मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले. त्यातून चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर बांधला. पुढे १९२२ मध्ये अकरा तास झाले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा. १९४६ मध्ये नऊ तास रोज आणि ४८ तास आठवड्याला. त्या दुरुस्तीमागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि त्याआधी आठवडा ५४ तासांचा होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने नऊ तास कायम ठेवले.

प्रत्येक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली. रोजची कायमची मर्यादा म्हणून ‘बारा’ हा आकडा महाराष्ट्राच्या कामगाराने शेवटचा पाहिला तो १९११ च्या कायद्यात.

दिवस लांबवला की उत्पादन वाढते, हा समजही तपासून झालेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत सुटीशिवाय काम चालू झाले, तेव्हा सरकारनेच कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. तिने जमवलेल्या नोंदी स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास राबलेल्यांचे उत्पादन ५६ तास राबलेल्यांच्या उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नव्हते. मधले चौदा तास माणूस यंत्रापाशी उभा होता, एवढेच. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टी या मुंबईतल्याच कंपनीच्या अध्यक्षांनी ९० तासांची आणि रविवारीही काम करण्याची भाषा केली. दोघेही कर्तबगार माणसे आहेत. पण लोखंड्यांच्या शहरात रविवार पुन्हा चर्चेला यावा आणि त्यावर कामगार खात्याकडून एक ठाम वाक्यही येऊ नये, हे खटकते.

गिरणीतल्या विजेच्या दिव्याचे काम आता मोबाइल करतो. कार्यालय सुटते, पण साहेबांचा संदेश जेवणाच्या ताटावर येतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य ताणाने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटले. कंपनीने ते मानले नाही. मृत्यूच्या कारणाबद्दल इथे निवाडा करायचा नाही. पण त्यानंतर आपल्याच खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाकडे दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणीच नव्हती, असे समोर आले. सतरा वर्षे. कामाचे तास ठरवणाऱ्या कायद्याला ते कार्यालय कुठे आहे, हेच माहीत नव्हते. आणि आता नव्या बदलाने २० पेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना नोंदणीची गरज नाही, नुसती सूचना पुरे. कापडाचे दुकान, औषधांचे दुकान, छोटे रुग्णालय, शिकवणीवर्ग, कुरिअरचे केंद्र: महाराष्ट्रातली कितीतरी माणसे अशाच ठिकाणी काम करतात.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत प्रथम डिसेंबर २०१८ मध्ये मांडले होते. पक्षाचा प्रश्न बाजूला ठेवून आपल्या खात्याने ते एकदा वाचायला घ्यावे, इतपत त्यात दम आहे.

व्यग्र माणसाला उसंतीचे सल्ले देणाऱ्यांची कमी नाही. पहाटे उठा, प्राणायाम करा, रोज अर्धा तास चाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सगळे सल्ले चांगले आहेत, पण ते ऐकायला दुसरी खोली असावी लागते आणि तो अर्धा तास कोणीतरी सोडावा लागतो. ज्यांच्यापर्यंत हे सल्ले पोहोचतच नाहीत, अशी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत.

सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार पाहा. त्याच्यासाठी बारा तासांची पाळी कुठल्याही मंत्रिमंडळाने मंजूर करायची गरज पडली नाही. ती कधीचीच रूढ आहे. दिवसपाळीचा माणूस सकाळी आठला येतो, रातपाळीचा रात्री आठला. एक जण आला नाही तर दुसऱ्याने चोवीस तास ओढायचे. साडीच्या दुकानातली विक्रेती दिवसभर उभी असते. केरळने २०१८ मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. त्यामागे कोझिकोडच्या पी. विजी आणि ‘पेनकूट्टू’ या स्त्रियांच्या संघटनेची अनेक वर्षांची लढाई होती. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. महाराष्ट्राच्या दुकानांतही एक स्टूल सक्तीचे करायला कोणाची हरकत असावी?

घरकाम करणाऱ्या बायांचे तर विचारूच नये. १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी आजारपणातल्या पगारी रजेसाठी संप केला, तेव्हा शहराला प्रथमच कळले की या बायाही आजारी पडतात. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आठवड्याची सुटी मात्र आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे. ज्या घरी ही बाई काम करते, तिथल्या नोकरदार बाईचाही दिवस आखडलेलाच असतो. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८, असे दिसले. बारा तासांच्या पाळीत स्त्रिया मागे पडणार, हे सांगायला आणखी अभ्यास नको. दाराबाहेर बारा तास आणि घरात पावणेपाच तास, यांची बेरीज करायला चौथीचे गणित पुरते.

आणि बीड. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिने चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्या कोयत्याला थांबता येत नाही. पहाटे तोड सुरू होते. गाडी रात्री कितीही वाजता आली तरी मोळ्या डोक्यावर घेऊन भरावी लागते. एक दिवस काम बुडले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत जमा. मासिक पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनेच नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्यापायी झाल्या असे म्हणता येणार नाही. कोवळ्या वयातली लग्ने आणि बाळंतपणे, फडावर पाणी व आडोसा नसणे, कर्करोगाची भीती घालणारे दवाखाने, हेही त्यात होते. पण वर्षानुवर्षे एक दिवस पडून राहता न आलेल्या बायांचा जिल्हा आहे तो. आपल्या विभागाच्या कागदांवर ‘कामगार’ हा शब्द लिहिताना या बाया डोळ्यांपुढे असायला हव्यात.

सरकारला हे समजत नाही, असे म्हणवत नाही, कारण सरकारने स्वतःच्या माणसांसाठी ते केले आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले आणि सगळे शनिवार मोकळे झाले. मंत्रालयात जे शक्य झाले ते चाकण, वाळूज, तळोजा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत का होऊ नये? आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार सरकारी आणि पालिका कर्मचाऱ्यांचा आठवडा पगार न कापता ४० तासांवरून ३५-३६ वर आणला गेला. सेवा ढासळल्या नाहीत. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्यांनी चार दिवसांचा आठवडा करून पाहिला, त्यातल्या ५६ कंपन्यांनी प्रयोग संपल्यावरही तो चालू ठेवला. आइसलँडची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, हे खरे. म्हणून त्यांची नक्कल नको. आपला प्रयोग आपण करावा.

मोकळ्या वेळेला जागाही लागते, हे महाराष्ट्राला एकेकाळी ठाऊक होते. १९५३ मध्ये इथे कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. कामगार कल्याण केंद्रे, वाचनालये, व्यायामशाळा, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा. दिवसपाळी करून आलेला माणूस संध्याकाळी तालमीला उभा राहायचा, कबड्डीच्या मैदानात उतरायचा, भजनाला बसायचा. मुंबईची कामगार रंगभूमी अशा उरलेल्या तासांत उभी राहिली. ते तास नसते तर तीही नसती. हे मंडळ आपल्याच अखत्यारीत आहे. बारा तासांच्या पाळीनंतर तालमीला कोण येणार?

या पत्रातल्या मागण्या नेमक्या आहेत. बारा तासांची मुभा ठेवायचीच असेल, तर नियमात स्पष्ट लिहावे की बारा तासांचा दिवस करणाऱ्या कामगाराचा आठवडा चार दिवसांचा राहील आणि त्याच आठवड्यात त्याला ओव्हरटाइमला बोलावता येणार नाही. तीन दिवसांची सलग सुटी खरोखर मिळत असेल, तर कित्येक कामगार ती आनंदाने घेतील. गावी जाऊन येतील, शेत पाहतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितेतही आठ तासांचा दिवस आणि आठवड्यात सहाच दिवस काम, हे तत्त्व लिहिलेले आहे. राज्याचे नियम त्या तत्त्वाला धरून असावेत.

लेखी संमतीचेही तसेच. नोकरीच्या पहिल्या दिवशी वीस कागदांच्या गठ्ठ्यात एकविसावा कागद म्हणून घेतलेली सही ही संमती धरू नये. ती मराठीत किंवा कामगाराच्या भाषेत असावी, दर तिमाहीला नव्याने घ्यावी, केव्हाही मागे घेता यावी, आणि मागे घेतली म्हणून कोणाला कामावरून कमी केले तर मालकाला जाब द्यावा लागेल, असे कलम असावे. रखवालदारांच्या पाळ्या आठ तासांच्या व्हाव्यात, दुकानांत बसायची सोय सक्तीची व्हावी, घरेलू कामगारांना आठवड्याची पगारी सुटी कायद्याने मिळावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याकडे आहे. संबंधित खात्याशी बोलून त्याच्यामार्फत येत्या गळीत हंगामापूर्वी दोन गोष्टी साखर कारखान्यांकडून लिहून घ्याव्यात: आठवड्यातून एक दिवस तोड बंद, आणि आजारपण किंवा मासिक पाळीच्या दिवसांसाठी खाडा लावणार नाही.

यातले पहिले दोन बदल विधिमंडळात न जाताही, नियमांच्या मसुद्यात करता येण्याजोगे आहेत. मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा सुनावणी फक्त मुंबईत ठेवू नये. एक चाकणला, एक बुटीबोरीला आणि एक बीडला घ्यावी. आणि ती रविवारी घ्यावी, म्हणजे ज्यांच्या तासांबद्दल ती आहे, त्यांना खाडा न करता येता येईल.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक